वैकुंठरथाचा तळ

११ मार्च
पेडगावच्या म्हाताऱ्याला गंगाखेडच्या गोदाघाटावर नेताना आज रथाचा तळ गेला. स्पीडब्रेकर आला, दिगूने गाडी अगदी हळू केली, तरी मागून कर्रकन आवाज झाला आणि तिरडीचा एक बांबू पत्र्यातून खाली. म्हातारा जरा कलला. त्याचा थोरला मुलगा माझ्या तोंडाकडे बघायला लागला, हे विधीत बसतं का ते मी सांगावं म्हणून. मी 'नारायण नारायण' म्हणालो. पाठशाळेत एवढी वर्षं काढली, ऐनवेळी एवढंच सुचलं.

बांबू डांबराला घासत होता. उतरून वर ओढला. रबरी चटई बाजूला केली तर खाली पत्रा नाहीच, नुसता तांबडा भुगा. भोकातून रस्ता दिसत होता. पुढची सगळी वाट मी आणि तो मुलगा तिरडी हातांवर तोलून बसलो. गेलेल्याला खांदा देतात हे माहीत होतं, तो चालत्या गाडीतही द्यावा लागतो हे नवीन.

परतताना दिगू मानवतच्या फाट्याशी एकदम म्हणाला, "शास्त्रीबुवा, पेपरात देऊ नका."
"मंडळाच्या गाडीची बातमी मंडळाचाच सभासद देतो का? कापसाचं लिहितो."
तरी त्याचा चेहरा निवळला नाही. त्याला बातमीची भीती नव्हतीच. घरी त्याची बायको, सुमनवहिनी, अंथरुणाला आहे.

१२ मार्च
रथ रफिकभाईच्या शेडमध्ये. मोंढ्यामागे त्याचं डेंटिंगचं दुकान. गाडी जॅकवर चढवून तो खाली सरपटला. बराच वेळ नुसता स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्याचा आवाज. जिथे टोचेल तिथे आत जायचा. बाहेर आला तेव्हा दाढीत गंज.
म्हणाला, "गुरुजी, ऊपर से नवरी, नीचे से कबर."
खरं आहे. वरून दरवर्षी रंग, झेंडूची चित्रं, दोन्ही बाजूंना ठळक 'वैकुंठरथ'. ते अक्षर माझंच. तळाकडे कोण बघतो. बसणारा उताणा असतो, तो छताकडे बघतो.

दिगूने विचारलं, "वरून लांबी भरून चालंल का? महिन्याअखेर पासिंग हाय."
लांबी म्हणजे पुट्टी. पत्र्याच्या खड्ड्यात थापायची, घासायची, वर रंग.
"लांबी किसपे लगाऊं? हवा पे?" रफिकभाई म्हणाला. "काटना पडेगा. अच्छा पत्रा लगे तक काटना."

१४ मार्च
संध्याकाळी दिगूकडे. सुमनवहिनीची खाट खिडकीशी. खिडकीतून कडुनिंब दिसतो, आणि कडुनिंबाखाली रथ उभा असायचा. आता तिथे नुसतं तेलाचं काळं वर्तुळ.

फेब्रुवारीत संभाजीनगरला तिचं पोट उघडलं आणि तसंच शिवून परत पाठवलं. घरी न्या म्हणाले. तिला काय सांगितलंय, तिला किती कळलंय, आम्ही कोणी विचारत नाही. ती आम्हाला विचारत नाही. असं छान चाललंय.

"गाडी कुठं हाय?"
"पासिंगला रंग द्यायचाय."
"रंग मागच्या साली दिला की." मग माझ्याकडे, "गुरुजी, तुमी सांगा. तुमी बामणावाणी खोटं बोलता, लगेच कळतं."
तळ जरा खराब झालाय म्हणालो. किती? थोडा. तिने डोळे मिटले.
"लवकर करून घ्या म्हणावं," म्हणाली. "मला ट्रॅक्टरात जायचं न्हाई."

दिगू पाणी आणायला आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

१५ मार्च
सौ. म्हणते, एवढं तोंड पाडून का बसलात, गाडीच आहे. मग स्वतःच म्हणाली, नाही, कळलं मला.

मंडळाचे अध्यक्ष भेटले. यंदा पासिंग नाही झालं तर गाडी भंगारात, म्हणाले. नवी कुठून आणायची? ट्रॅक्टर आहेतच सगळ्यांकडे. मी म्हणालो, खरं आहे, मेलेल्यांनी आजवर गैरसोयीची तक्रार केलेली नाही. त्यांना ते पटलं. विनोद कळला नाही की जास्तच कळला, कोण जाणे.

१७ मार्च
आज कारण सापडलं. नसतं सापडलं तर बरं.

रफिकभाईने तळाचा एक तुकडा कापून उलटा केला. पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात, आतून पोकळ. त्यांना कंपनीनेच भोकं ठेवलेली असतात, आत शिरलेलं पाणी निघून जायला. प्रत्येक भोकात डांबराचा गोळा आणि चिंधी, ठासून बसवलेली. त्याने एक उचकटला तर आतून तांबडं पाणी वाहिलं. कधीचं साठलेलं कोण जाणे. वास असा की शेजारचा पंक्चरवाला उठून आला.
"ये किसने बंद किया?"
दिगू म्हणाला, "मी."
रफिकभाईने मान हलवली आणि ग्राइंडर सुरू केला.

बाहेर चहाच्या गाड्यावर दिगू म्हणाला, "मी न्हाई. सुमननं."

मला आठवलं ते. उन्हाळ्यात मयताखाली बर्फाच्या लाद्या ठेवतात, पोरगं पुण्याहून येईपर्यंत. गारवा वाढावा म्हणून वर खडेमीठ. मग रथ गल्लीतून जाताना खालून थेंब थेंब. बायाबापड्या ओरडायच्या, मयताचं पाणी आमच्या दारात सांडता म्हणून. सडा घातलेल्या अंगणापुढे तर फारच. मंडळाची बैठक झाली. ठराव झाला, रथातून थेंब गळता कामा नये. ठराव मंडळाचा, काम सुमनवहिनीचं. ती गाडीखाली झोपून एकेक भोक बुजवत गेली. डांबर तापवून, बोटांनी. तेव्हापासून थेंब नाही. लोक म्हणायचे, सुमनबाईसारखी गाडी कोण ठेवतं?

आणि प्रत्येक मयतानंतर गाडी धुतलीच पाहिजे. न धुतलेल्या गाडीत आपलं माणूस कोणी ठेवू देत नाही. बादल्यांवर बादल्या, बोअरचं खारं पाणी, वर गोमूत्र. तीही वहिनीच. वरून पुसून कोरडं. आत मात्र बर्फाचं मीठ, बोअरचा खार, सगळं कोंडून बसलेलं.

"तिला सांगू नका," दिगू म्हणाला. "ती म्हणती, मी धुते म्हणून गाडी टिकली."

१९ मार्च
कापणं चालूच. पहिल्या दिवशी भोक वाटीएवढं होतं. काल परातीएवढं. आज मागचा अर्धा तळ जमिनीवर, आणि रफिकभाई कडेला टोचून बघतोय की इथे तरी चांगला पत्रा आहे का. नाही. अजून चार बोटं.

दिगू शेजारी उकिडवा बसून बघत होता. खूप वेळाने म्हणाला, "रफिक निदान कापायला तरी तयार हाय. तिकडं तर बगून लगेच शिवलं."
रफिकभाईने ग्राइंडर बंद केला होता, तो परत लावला.

कापसाची बातमी पाठवली. भाव पडले, नेहमीचंच. जागा भरायला एक ओळ कमी पडली म्हणून पेपरातून फोन आला.

२० मार्च
आमच्याच गल्लीत एक म्हातारी गेली. रथ नाही. ट्रॉलीतून नेली. ट्रॉलीत गुरांची कालची ढेप सांडलेली होती, कोणी तरी झाडून घेतली. दिगू दारात उभा राहून बघत होता. ट्रॉली खड्ड्यातून गेली तेव्हा त्याने स्वतःचे खांदे आवळले, जसा गाडी चालवताना आवळतो.

वहिनीला खिडकीतून दिसलं असणार. रात्री जेवली नाही.

२३ मार्च
नवा पत्रा बसवायला लागला रफिकभाई. दोन पत्र्यांच्या सांध्यावर गंज अडवणारा रेड ऑक्साइडचा रंग आधीच मारतो, वेल्डिंगच्या आधी. कामून, विचारलं मी, जळून जाईल ना? म्हणाला, जेवढा राहील तेवढा राहील.
हे त्याचं प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे.

वहिनीला आता पेजही ठरत नाही. आवाज बारीक झालाय. तरी आज मला म्हणाली, "सोयरे लय चौकशी करायलेत माझी. एवढ्या वर्षांत कुणी चहाला बी बोलवलं न्हाई." मग, "गाडी आली का?"
चौकशी तेवढी एकच तिची.

२४ मार्च
काही नाही. ऊन. दिवसभर लाइट नाही, त्यामुळे वेल्डिंगही नाही. दिगू दोनदा शेडवर जाऊन आला. लाइट काय त्याचं ऐकणार होती.

२७ मार्च
रथ परत आला. कडुनिंबाखाली. तळाला नवा पत्रा, खालून-वरून काळा जाड कोट. प्रत्येक पट्टीला भोक मोकळं, आणि तळातच मधोमध एक नवं मोठं भोक, उतार त्याच्याकडे. रफिकभाई दिगूला बजावून गेला, "कोट सुखने दो. पासिंग तक पानी नक्को मारो. ओली कोट उखडी तो साहब लोक उंगली डालके देखते."
पासिंगला आता पाच एप्रिलची तारीख मिळालीय.

दिगूने खिडकी उघडली, वहिनीला उशीला टेकवून बसवलं. तिने बघितलं. "धुतली का?" हा पहिला प्रश्न.
"नवीन हाय. कामून धुवायची?"
"आणली कुठून? मोंढ्यातनं. मंग धुवायची."
मी म्हणालो, वहिनी, रंग ओला आहे. तिने मान उशीवर टाकली. पटलं म्हणून नव्हे.

२९ मार्च
जी भीती होती तेच. सकाळी मयत. कापसाच्या व्यापाऱ्यांचे काका. रथ हवा, आणि त्याआधी धुऊन. सगळे नातेवाईक दिगूच्या अंगणात उभे, पुतण्या स्वतः पाइप घेऊन आलेला. दिगू माझ्याकडे बघायला लागला.

आणि मी म्हणालो. कसं म्हणालो कोण जाणे. उभ्या उभ्या जुळवलं:
'शुष्केन वाससा शुद्धिः शवयानस्य कीर्तिता'
अर्थही सांगितला. मयताच्या वाहनाची शुद्धी कोरड्या वस्त्राने होते, असं सांगितलं आहे. कोणी सांगितलं, ते कोणी विचारलं नाही. संस्कृतचा हा एक मोठा फायदा. पुतण्याने पाइप गुंडाळला, नवं पांढरं फडकं मागवलं आणि तळ पुसला. वर म्हणाला, "शास्त्रात सगळं लिहून ठेवलंय बगा."

गंगाखेडला जाऊन आलो. तळ हलला नाही. बर्फाचं पाणी मधल्या भोकातून रस्त्यावर ठिबकत होतं. ते कोटाला कमी लागावं म्हणून रफिकभाईने भोकाच्या मापाने रबरी चटई आधीच कापून दिली होती. गल्लीतून जाताना एक बाई दारातून काही तरी म्हणाली. दिगूने काच वर केली.

३० मार्च
श्लोक गावभर. पाथरी रोडच्या पुरोहितांनी मोबाइलवर लिहून मागितला. लिहून पाठवला. आता तो प्राचीन झाला.

सौ.ला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "खोटा का असेना, गाडी वाचली ना? मग पुण्य लागलं तर अर्धं माझं." मग म्हणाली, "सुमनला सांगू नका पण. तिला फार वाईट वाटेल, कोरड्या गाडीचं."

१ एप्रिल
डॉक्टर येऊन गेले. दिगूला अंगणात घेऊन हळू बोलले. दिगू ऐकता ऐकता रथाच्या चाकाला पायाने ठोकत होता, हवा बघतात तसं.
दोनतीन दिवस की आठवडा, कोणी सांगत नाही. दिगूने मला एकच विचारलं, "जुनं पासिंग काल संपलं. नव्याच्या आधी झालं तं? बिनपासिंगची गाडी गंगाखेडला न्यायची का?"
"रस्त्यात कोण अडवतंय मयताला?"
"अडवलं तं? तिला रस्त्यात उतरवायचं का?"


३ एप्रिल
ग्लानी. मधूनच जागी. दिगूची भावजय येऊन राहिलीय. मी खिडकीशी तासभर. एकदा डोळे उघडून म्हणाली, "श्लोक म्हणा." कोणता? "तुमी केलेला."
कोणी सांगितलं कोण जाणे. म्हटला. तिने ऐकला. ओठाची एक कड वर गेली.
"बरा जमलाय," म्हणाली.

४ एप्रिल
सकाळीच दिगूचा फोन. ती बाहेर यायचं म्हणतीय, ऐकत न्हाई.

गेलो. दोघांनी धरून कडुनिंबाखाली आणली. हाताला नुसतं लुगडं लागत होतं. रथाचं मागचं दार उघडलं. ती तळाच्या कडेवर बसली, दम खाल्ला. मग काळ्या कोटावरून तळहात फिरवला, पोळपाटावरून फिरवतात तसा.
"गुळगुळीत केलंय रफिकभाईनं."
हात फिरता फिरता मधल्या भोकाशी थांबला. बोट आत गेलं.
"हे कामून ठेवलंय?"
दिगू म्हणाला, "पाणी जायला."
"आणि आधीची बुजवलेली?"
दिगूने झाडाकडे बघितलं. मी मध्ये पडलो. "वहिनी, बर्फावर मीठ टाकतात ना, त्या मिठाने..."
"गुरुजी, तुमी पेपरात बरं लिहिता. तोंडानं न्हाई जमत तुमाला."

बोट तसंच भोकात ठेवून बसली. खूप वेळ. दिगू शेवटी म्हणाला, "मंडळानं सांगितलं म्हणून केलंस तू."
"मंडळानं बोटं घातली व्हती का आत?" एवढंच. राग नव्हता आवाजात. हिशेब लागला की माणूस जसं बोलतं तसं. "मी वरून पुसत राहिले. आतून खायाला लागलं ते कुणालाच दिसलं न्हाई."
गाडीबद्दल बोलत होती. मी तसंच धरून चाललोय.

मग म्हणाली, "बादली आण."
दिगू म्हणाला, "उद्या पासिंग हाय. पाणी नको म्हणलाय रफिक. आणि आता श्लोक हाय की, कोरड्या फडक्यानं..."
ती हसली. हसताना पोट धरलं. "त्यो श्लोक लोकासाठी हाय. मी कोरड्या गाडीत जाणार न्हाई. सगळ्यांना धुऊन पाठवलंय मी. मला कोण धुणार? तुमी?"

दिगू माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे होता तो एक श्लोक, तो तिने मोडीत काढला. दिगू गेला आणि बोअरवरून बादली भरून आणली.

तांब्या तिला एका हाताने उचलेना. दोन्ही हातांनी धरला, खालून दिगूने. ओतला. पाणी काळ्या कोटावरून पसरलं, क्षणभर थांबल्यासारखं वाटलं, मग उताराने मधल्या भोकाशी आलं आणि खाली मातीत पडलं. ती वाकून बघायला लागली, आम्ही दोघांनी दंडाला धरून ठेवली.
"गेलं," म्हणाली.
अजून एक तांब्या. तोही गेला. तिसरा मागितला नाही. खाटेवर नेईपर्यंत झोपली होती.

दुपारी
कोट भोकाभोवती पांढुरका पडलाय. बोट लावलं तर चिकटतं. रफिकभाईला फोन केला. म्हणाला, "भाभीने मारा क्या पानी?" हो म्हणालो. "तो सुखने दो. कल सुबह मैं आता साथ में."

दिगू मागच्या दारात उकिडवा बसून ओल्या जागेवर वारा घालतोय. हातात आजचा पेपर, तिसऱ्या पानावर माझी या आठवड्याची कापसाची बातमी. खिडकी उघडी आहे, आतून श्वास ऐकू येतो. मध्ये मोठा खंड पडतो, मग परत. खंड पडला की दिगूचा हात थांबतो.

मला विचारलं त्याने, "सकाळपर्यंत वाळंल का?"
ऊन चांगलं आहे, म्हणालो.